मदत हवी आहे: इरकल लुगड्याची किनार रिबीन म्हणून नाताळच्या झाडावर कशी लावू?

काठपदर
नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले, मराठी ख्रिस्ती घर. दरवर्षी सोप्याच्या कोपऱ्यात सहा फुटी प्लॅस्टिकचं झाड उभं करतो. बेळगावातनं, गणपत गल्लीतनं, सॅटिनच्या लाल रिबिनीची गुंडी आणायची आणि शेंड्यापासून बुडापर्यंत गोल गोल गुंडाळायची, ही आमची पद्धत. पण ती रिबीन सपाट बसते. फांद्या आवळल्या जातात आणि मोडलेल्या पायाला पट्टी बांधावी तसं झाड दिसतं. वरचे वेढे घसरून खाली गोळा होतात ते वेगळंच.

यंदा सासूबाईंनी पेटीतनं त्यांची दोन जुनी इरकली लुगडी काढून दिली. नऊवारी आहेत. अंग विरलंय, घडीवर फाटलंय, पण किनार अजून नव्यासारखी आहे. एकाची मरून, तिच्यात पिवळी आणि पांढरी रेघ. दुसऱ्याची गडद हिरवी. त्या आयुष्यभर हीच लुगडी नेसून देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गेल्या, आणि आता त्यांनीच म्हटलं की बोचक्यात कुजवण्यापेक्षा झाडाला घाल. मला हे फार मनापासून करायचंय.

अट त्यांची एकच: किनारीचे तुकडे करायचे नाहीत. सण झाला की ती नातवाच्या वाकळेला चारी बाजूंनी लावायची आहे. म्हणून अखंडच हवी. रुंदी साधारण तीन बोटं.

आता विचारायचं ते असं. किनार पुरेल का? कापल्यावर सुतं निघतील त्याचं काय करू? आणि मुख्य म्हणजे ती झाडावर फुगून, लाट घेऊन कशी बसवायची? बाजारात काठाला तार घातलेली रिबीन मिळते तशी ती उभी राहायला हवी. पुढच्या आठवड्यात कॅरोल म्हणायला पोरं येतात, तोवर व्हायला पाहिजे.

मलप्रभा
काय सुंदर विचार आहे! सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

पुरण्याचं सांगते. रिबिनीचा ठोकताळा असा की झाडाच्या दर फुटामागे 9 फूट. सहा फुटी झाडाला 54 फूट झाले. नऊ वार म्हणजे 27 फूट आणि लुगड्याला किनारी दोन, म्हणजे एकाच लुगड्यात बरोब्बर 54! पदराकडचा भाग मात्र सोडून द्या. इरकलचा पदर वेगळ्या ताण्याचा (लांबीच्या उभ्या सुतांचा) असतो, अंगाच्या ताण्याला एकेक सूत अडकवून जोडलेला. तिथे जुन्या लुगड्याची किनार दगा देते. तेवढं वजा केलं तरी अडचण नाही, कारण तुमचं झाड कोपऱ्यात आहे. भिंतीकडच्या बाजूला किनार न्यायचीच नाही.

मरूनच घ्या. हिरव्यावर हिरवी किनार दोन पावलांवरून दिसतसुद्धा नाही.

शिवणवेडी
सुतांचं मी सांगते. किनारीची बाहेरची कड म्हणजे विणतानाच बंद झालेला काठ, तिकडून काही निघणार नाही. सुटेल ती आतली, जिथे तुम्ही अंगापासून कापाल ती बाजू. म्हणून किनारीला लागून कापू नका. अंगाचं अर्धा इंच कापड किनारीबरोबर राहू द्या. ते मागे दुमडायचं, कड आत घालून पुन्हा दुमडायचं आणि मशीनवर एक सरळ टीप मारायची. या दुमडीची आपोआप बारीक नळी तयार होते. तार हिच्यातनंच सरकवायची.

सॅटिनच्या रिबिनीचं टोक मेणबत्तीवर धरून वितळवतात, ते इथे अजिबात करू नका. सॅटिन बहुतेक पॉलिस्टरचं असतं म्हणून वितळून बंद होतं. सूत आणि रेशीम वितळत नाही, जळतं. टोकं दुमडून हातानं हेम करा.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. किनारीची उलटी बाजू सुलटीइतकी देखणी नसते, आणि किनार वळली की ती दिसणार. मागे अस्तर लावलं तर जड होईल. त्यापेक्षा जिथे चिमटीत धरून बांधाल तिथेच पीळ द्या, म्हणजे पुढचा फुगा पुन्हा सुलटा येतो.

काठपदर
नळीची युक्ती लक्षात आली, ताई. अर्धा इंच सोडूनच कापते. पण तार कुठली घालू? घरात सळ्या बांधायची काळी तार आहे, ती चालेल का?

जुना वायरमन
ती नको. एक तर जाड, वाकवली की कोपरे पडतात. दुसरं म्हणजे गंजते, आणि गंजाचा डाग जुन्या सुतावरून कशानं जात नाही.

मोटार वाइंडिंग करणाऱ्याकडे जा. खानापुरात आहेत, नाहीतर बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला आलात तर हवी तेवढी दुकानं. तिथे तांब्याची इनॅमलची तार मिळते, म्हणजे वीज अडवणारा पातळ लेप दिलेली. 22 किंवा 24 गेज सांगा. नंबर जितका मोठा तितकी तार बारीक, हे ध्यानात ठेवा. तांबं मऊ असतं, बोटानं वळवाल तसं राहतं, आणि गंज चढत नाही. विकतात वजनावर. तुम्हाला लागेल ती थोडीच, एखादा वाइंडरवाला उरलेल्या गुंडीतली देऊनही टाकेल. तारेचं टोक पक्कडीनं वळवून त्याचा बारीक डोळा करा, मग ते नळीत सरकवताना कापडात घुसत नाही. सगळी तार एका दमात जाणार नाही. टीप मारताना मध्ये मध्ये जागा उघडी ठेवा आणि तिथून पुढे ओढा.

दिव्यांच्या माळेचं तेवढं मनावर घ्या. एलईडीची माळ लावा, जुन्या बल्बची नको, ती तापते. माळेचं प्लॅस्टिक कुठे सोललेलं, होल्डर फुटलेला असेल तर ती माळ झाडावर चढवूच नका. तुम्ही तांब्याची तार गुंडाळणार आहात, इनॅमल खरवडलं गेलं तर वीज तिच्यात उतरायला वेळ लागत नाही. जवळ लहान मूल असतं. आणि मेणबत्ती झाडापासून लांब.

मलप्रभा
आता बसवण्याचं. हेच खरं काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी झाडाच्या फांद्या फुलवा. पेटीतनं काढलेलं झाड दबलेलं असतं. एकेक काडी उजवी, डावी, वर अशी पसरायची. यात अर्धा तास गेला तरी जाऊ दे, कारण पुढे किनार टेकणार ती या काड्यांवरच. मग माळ, मग किनार आणि सगळ्यात शेवटी गोळे, घंटा. गोळे आधी टांगलेत तर किनार सरकवताना निम्मे खाली येतील.

गोल गुंडाळायचं सोडा. दोन्ही किनारींची टोकं शेंड्याच्या जरा खाली खोडाला बांधा. शेंड्याच्या काडीला बांधू नका, वजनानं ती वाकते. एक किनार डावीकडून, एक उजवीकडून, नागमोडी खाली आणा. साधारण फूटभर अंतरावर किनार दोन बोटांच्या चिमटीत गोळा करा, चुणी पाडा आणि ती चुणी खोडाच्या दिशेनं आत खोल ढकला. प्लॅस्टिकच्या काडीत तार असतेच, ती चुणीवर वळवली की गाठ नको, टाचणी नको. आता पुढच्या चिमटीपर्यंतची किनार ताणू नका. फूटभर अंतरात दीड फूट किनार जाऊ द्या. ती जास्तीची किनार बाहेर येते, फुगते, आणि तारेमुळे तशीच राहते. पहिली चिमटी, मग फुगा, दुसरी चिमटी आत, पुन्हा फुगा. सपाट रिबीन आणि जिवंत रिबीन यांत फरक आहे तो एवढ्याच सैलपणाचा.

खाली येताना नागमोडी रुंद करत जा, झाडही खाली रुंद होत जातं. मध्ये मध्ये दाराशी जाऊन बघा, कारण माणसं तिथून बघणार.

चंदगडी
आमच्याकडे प्लॅस्टिकचं झाड नसतं, बांधावरच्या सुरूची फांदी वाळू भरलेल्या बादलीत उभी करतो. सुरूच्या काड्या लोंबत्या, चुणी धरत नाहीत. त्यामुळे आम्ही हिरवा दोरा वापरतो. ताई, तुमच्या झाडाच्या काड्या जुन्या होऊन ढिल्या झाल्या असतील तर तुम्हीही तेच करा. पण दोरा खोडाजवळच्या जाड फांदीला बांधा, टोकाला नको.

काठपदर
सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. अर्धा इंच सोडायचं त्यांना लगेच पटलं. म्हणाल्या, वाकळेला लावतानाही ती पट्टी कामाला येईल. मरून लुगडं आज कापतेय. तारेसाठी नवऱ्याला सांगितलंय, 22 गेज कागदावर लिहून दिलंय.

शेवटचं एकच. शेंड्यावर तारा असतो. ताऱ्याखाली बो करावा असं मुलीचं म्हणणं. पण किनारीचे तुकडे तर करायचे नाहीत.

शिवणवेडी
मग बो किनारीचा नकोच. गुळेदगुड्डचा खण घ्या, अर्धा मीटर पुरे. मरूनला शोभेल असा मोहरी पिवळा. चार बोटं रुंद पट्टी दुहेरी शिवून उलटवा, मध्ये तीच तार, आणि बो करून दोन किनारींची टोकं जिथे बांधलीत तिथे बसवा. गाठ झाकली जाईल. तारा त्याच्या वर, खोडाला वेगळा बांधून.

आणि लुगडं कापायच्या आधी धुऊन वाळवून घ्या. जुन्या मरूनचा रंग सुटतोय का ते ओल्या पांढऱ्या फडक्यानं आतल्या कोपऱ्यावर घासून बघा. सुटत असेल तर थंड पाण्यात नुसतं बुडवून काढा, पिळू नका, सावलीत वाळवा. इस्त्री उलट्या बाजूनं.