सॉल्टवॉटर टँकमधलं नायट्रेट उतरत नाही, काय घ्यावं? (ठाणे)

मीठपाणी_घोडबंदर:
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षं पाळले, आता पहिल्यांदाच खाऱ्या पाण्यात उडी मारलीय. टँक ३ फूट बाय दीड बाय दीड, खाली छोटा सम्प (गाळणीची टाकी), त्यात बायोबॉल्स (बॅक्टेरिया वाढायला प्लॅस्टिकचे गोळे) आणि फिल्टर सॉक (गाळ अडवणारी कापडी पिशवी). क्लाउन माशांची जोडी, एक डॅमसेल मासा, एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी). अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पण माशांच्या घाणीतून शेवटी बनणारं नायट्रेट ८० पीपीएमवर (लिटरला ८० मिलिग्रॅम) ठाण मांडून बसलंय. दर रविवारी पाव टँक पाणी बदलतो. मीठ किचनच्या आरओच्या पाण्यात कालवतो. दुकानदार म्हणतो, नायट्रेट रिमूव्हरची बाटली घ्या नाहीतर बायोपेलेट रिअॅक्टर (बॅक्टेरियांचं खाद्य असलेले दाणे फिरवणारा नळा) लावा. दोन्ही खिशाला जड. कोणतं घेऊ?

खाडीपलीकडची:
आत्ता दोन्ही नको. आधी बादलीत कालवलेलं नवं पाणी टँकमध्ये ओतण्यापूर्वी टेस्ट करा. हिशेब बघा: नव्या पाण्यात नायट्रेट शून्य असेल तर पाव टँक बदलल्यावर ८० चे ६०, मग ४५, मग ३४. पण नव्या पाण्यातच २० असेल तर ८० चे ६५, मग ५४, मग ४५, आणि कितीही रविवार घालवलेत तरी २० च्या खाली जाणं नाही. वर माशांची रोजची भर आहेच.

घरच्या आरओवर भरवसा नको. चवीसाठी त्यात थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळायचा स्क्रू असतो. आपल्याला प्यायला उत्तम, टँकला नाही.

आणि दोन बाटल्यांचं लिक्विड किट असेल तर दुसरी बाटली अर्धा मिनिट दणकून हलवा, मग नळीही मिनिटभर. तळाशी बसलेला ऐवज मिसळला नाही तर आकडा खोटाच कमी येतो.

रात्रपाळी_ऐरोली:
+१. आणि ते बायोबॉल्स काढा हो. सॉकमधून निसटलेला गाळ त्यांच्यात अडकून कुजत बसतो, तिथे नायट्रेट बनतं आणि तिथून पुढे त्याला वाट नसते. सच्छिद्र दगडात आतवर ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे तिथले बॅक्टेरिया नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडतात. गोल प्लॅस्टिकमध्ये ही सोय कुठली!

खाडीपलीकडची:
बरोबर, पण सगळे एकदम नका काढू. आठवड्याला मूठभर काढा, अमोनियावर लक्ष ठेवा. सॉक किती दिवसांनी धुता? दोन-तीन दिवसांच्या वर गेला तर त्यातही तेच कुजणं सुरू.

मीठपाणी_घोडबंदर:
टेस्ट केलं. नव्या पाण्यात रंग २० च्या खुणेशी जुळतोय! आमच्या सोसायटीत अधूनमधून टँकर येतो, बहुधा बोअरचं पाणी. सॉक आठवड्याने धुतो. तर मग खरेदी काय करू?

खाडीपलीकडची:
आता खरेदीचं बोलू. पैसे टाकायचे तर मत्स्यटँकसाठी मिळणाऱ्या आरओ-डीआय युनिटवर. शेवटच्या डब्यात डीआय रेझिन (विरघळलेले क्षार पकडणारे दाणे) हवंच, ते उरलंसुरलं नायट्रेट पकडतं. सोबत स्वस्तातला टीडीएस मीटर (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा). आकडा शून्यावरून हलला की रेझिन बदला. सोसायटीच्या पाण्याला जोर नसेल तर बूस्टर पंपासकट घ्या, नाहीतर दिवसभर थेंब थेंब मोजत बसाल. युनिटमधून वाया जाणारं पाणी लादी पुसायला ठेवा. मे महिन्यातल्या उकाड्यात टँकचं पाणी भराभर उडतं. ती तूट भरायचा टॉप-अपही याच पाण्याने, बिनमिठाचा.

दुसरं, स्किमर. तुम्ही त्याचा उल्लेखच केला नाहीत म्हणून विचारते, आहे ना?

मीठपाणी_घोडबंदर:
नाही. दुकानदार म्हणाला लहान टँकला लागत नाही.

रात्रपाळी_ऐरोली:
लागतो हो! स्किमर नायट्रेट काढत नाही, पण घाण कुजून नायट्रेट होण्याआधीच फेसाबरोबर बाहेर फेकतो. कपात साठणाऱ्या त्या काळपट रश्शाचा वास घेतलात तर विकत घेतल्याचं समाधान होईल. बायोबॉल्स निघाले की त्याच जागी कीटो शेवाळाचा गोळा आणि वर एक दिवा. दिवा रात्री लावा, मुख्य लाईट बंद असताना, म्हणजे पीएचही फार पडत नाही. शेवाळ वाढलं की निम्मं कापून टाका. त्याने खाल्लेलं नायट्रेट त्याच्यासोबत घराबाहेर.

फुकटात_पौष्टिक:
इतका खर्च कशाला? वाशीच्या खाडीतून दोन कॅन भरून आणा. किंवा व्होडकाचे थेंब घाला, परदेशात सगळे घालतात.

खाडीपलीकडची:
खाडीत सांडपाणी येतं आणि पावसाळ्यात खारटपणा कुठल्या कुठे जातो. ते पाणी फ्लेमिंगोंना लखलाभ. व्होडकाचं म्हणाल तर पद्धत खरी आहे, पण तिने नायट्रेट खाणारे बॅक्टेरिया एकदम फोफावतात आणि ऑक्सिजन ओढतात. स्किमर नाही, त्यात रात्री लाईट गेली, तर सकाळी मासे वर. बायोपेलेटचं तत्त्वही तेच, म्हणून तेही नव्या टँकला नको म्हटलं.

रात्रपाळी_ऐरोली:
दगड वाढवायचे झाले तर ड्राय रॉक किंवा सिरॅमिकचे घ्या. समुद्रातून उपटलेले प्रवाळाचे दगड कोणी ‘लाईव्ह रॉक’ म्हणून गळ्यात मारायला आला तर हात जोडा. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

मीठपाणी_घोडबंदर:
ठरलं, आधी आरओ-डीआय, पुढच्या पगारात स्किमर. नायट्रेट शून्यावर आणायचं का? आणि एकदाच निम्म्याहून जास्त पाणी बदलून टाकलं तर?

खाडीपलीकडची:
शून्य नको. अगदी शून्य केलेल्या नव्या टँकमध्ये डायनोची (डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांची) तपकिरी लाळ पसरते, ती घालवताना नाकी नऊ येतात. फक्त मासे असतील तर ४० च्या खाली ठीक, पुढे सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ) ठेवायचे तर ५ ते २० मध्ये ठेवा. सगळं पाणी एकदम नका बदलू. मासे ८० ला सरावलेत आणि श्रिम्पला तर खारटपणातला झटका अजिबात सोसत नाही. पाव टँकच, पण आठवड्यातून दोनदा. नवं पाणी रात्रभर पंप लावून फिरवत ठेवा, ग्रॅव्हिटी (खारटपणाचं माप) १.०२५ आणि तापमान टँकशी जुळलं की मगच ओता. आणि फ्रोझन आर्टेमिया (माशांना घालायचे गोठवलेले बारीक जीव) चहाच्या गाळणीत धुऊन घाला, तो वितळलेला रस टँकमध्ये जाऊ देऊ नका. गाळणी मात्र वेगळी ठेवा, घरच्यांचा विचार करून सांगतेय.