मदत हवी आहे: वर्ट फर्मेंटरमध्ये घेताना तळचा गाळ मागे कसा ठेवावा?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे राहतो आणि घरी बिअर तयार करतो. (१९७८ साली मंजूर झालेल्या कायद्यामुळे इथे दोन प्रौढांच्या घराला, विक्री न करण्याच्या अटीवर, वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर करता येते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय असे करणे गुन्हा आहे, हे तिकडील वाचकांनी कृपया ध्यानात घ्यावे.) माझी अडचण एकाच टप्प्यावरची आहे: वर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड अर्क, उकळून झाल्यावर फर्मेंटरमध्ये, म्हणजे किण्वनाच्या (आंबवण्याच्या) भांड्यात, घेणे.

१९ लिटर पेल एलसाठी (हा बिअरचा एक प्रकार) मी वर्ट तासभर उकळतो, शेवटच्या १५ मिनिटांत आयरिश मॉस (गाळ खाली बसायला मदत करणारे समुद्री शेवाळ) घालतो, आच बंद केल्यावर कॅस्केड जातीच्या हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा व सुगंध देणाऱ्या फुलांच्या) गोळ्या मोकळ्याच टाकतो आणि तांब्याच्या कॉइलमधून नळाचे पाणी फिरवून वर्ट २० अंश सेल्सियसपर्यंत निववतो. प्रथिनांचे पांढरट पुंजके हॉप्सच्या हिरव्या लगद्यासह खाली बसतात खरे, पण तो थर घट्ट होत नाही. सायफनची नळी खाली नेत गेले की शेवटच्या तीन-चार लिटरच्या सुमारास ती लगदा ओढू लागते, तिचे तोंड बुजते, आत हवा शिरते आणि धार तुटते. तिथे थांबावे तर चांगले वर्ट वाया जाते आणि पुढे जावे तर सगळा गाळ फर्मेंटरमध्ये उतरतो.

थोडा गाळ गेल्याने बिअर बिघडत नाही, हे मला ठाऊक आहे. उलट त्यातील स्निग्धांश यीस्टच्या वाढीला उपयोगी पडतो. परंतु किण्वन संपल्यावर तळाचे यीस्ट काढून पुढच्या खेपेला वापरण्याची माझी मनापासून इच्छा आहे, आणि त्यात लगदा मिसळला की हाती आलेल्यात यीस्ट किती व गाळ किती याचा अंदाजच बांधता येत नाही. चहाच्या कपात ढवळल्यावर पत्ती मधोमध गोळा होते, तसा भोवरा करून गाळाचा ढीग करावा असे सर्वत्र सांगितले जाते. (त्याचे कारण आइन्स्टाइन यांनी १९२६ साली मांडले होते: तळाशी घर्षणाने वेग मंदावतो आणि तिथला प्रवाह मध्याकडे वळतो.) माझ्या पातेल्यात मात्र ढीग न होता गाळ तळभर पसरतो. यात कॉइलची अडचण होत असेल का? हॉप्स जाळीच्या नळकांड्यात टाकल्यास सुगंध कमी उतरतो का? आणि कापडातून गाळणे कितपत योग्य ठरेल? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

नमस्कार. आपली शंका रास्त आहे. कॉइलची वेटोळी आत असेपर्यंत फिरते वर्ट त्यांवर आदळते आणि भोवरा मोडतो. वर्ट निवल्यावर कॉइल बाहेर काढावी, पातेल्याची एक बाजू पाचर सरकवून किंचित उचलावी, निर्जंतुक केलेल्या लांब पळीने कडेकडेने एकाच दिशेने दोन मिनिटे जोराने फिरवावे आणि झाकण ठेवून किमान २० मिनिटे पातेल्याला हात लावू नये. पाचर आधीच सरकवणे महत्त्वाचे आहे, कारण बसलेला गाळ पातेले हलवताच पुन्हा उठतो. नळीचे तोंड उताराच्या बाजूला कडेशी ठेवावे आणि शेवटी धार बारीक करावी.

जाळीत गोळ्यांना फुलायला जागा हवी. ती दाटीने भरली नाही आणि मधूनमधून हलवली तर सुगंधात फारसा फरक पडत नाही. कापड मात्र गोळ्यांच्या लगद्याने लगेच तुंबते, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही. यीस्ट घालण्यापूर्वी वर्टला हवा लागली तर चालते, किंबहुना यीस्टला ती हवीच असते. किण्वनानंतर बिअर बाटल्यांत भरताना मात्र नळी बाटलीच्या तळापर्यंत न्यावी, धार उंचावरून पडू देऊ नये.

माझे ठाम मत असे की तळाशी दोन लिटर राहणारच असे धरून सुरुवातीलाच २१ लिटरचा हिशेब करावा. उरलेला गाळ उंच बरणीत भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यास वर स्वच्छ वर्ट सुटते. ते ओतून घेऊन १५ मिनिटे उकळावे आणि निववावे. साठवलेल्या यीस्टला पुढच्या खेपेआधी जागे करायला ते उत्तम उपयोगी पडते.