वडिलांचे नाव कोण सांगणार: चर्चची नोंदवही की डीएनए?

धागालेखिका:
इंग्लंडमधील एका कुटुंबाची वंशावळ जुळवताना मी १७९६ सालच्या एका बाप्तिस्म्याच्या नोंदीपाशी अडले आहे. नोंदीत मुलाचे आणि आईचे नाव आहे. वडिलांचे नाव नाही, फक्त ‘अनौरस’ असा शेरा आहे. त्या मुलाच्या आज हयात असलेल्या पुरुष वंशजाची वाय गुणसूत्र चाचणी केली, तेव्हा ती शेजारच्या गावातील एका शेतकरी घराण्याशी जुळली. घरची मंडळी म्हणतात, कोडे सुटले. मला ते मान्य नाही. त्या शेतकऱ्याला तीन मुलगे होते, आणि वाय गुणसूत्र बापाकडून प्रत्येक मुलाला जवळजवळ जसेच्या तसे मिळत असल्याने ही चाचणी घराणे दाखवते, माणूस दाखवत नाही. शेवटचा शब्द कागदाचाच असावा, असे माझे मत आहे.

पहिला प्रतिसाद:
सहमत नाही. कागदावर तेच उतरते, जे धर्मगुरूला सांगितले गेले. १७३३ च्या कायद्यानुसार अविवाहित गरोदर स्त्रीने शपथेवर ज्याचे नाव घेतले, त्याला मुलाच्या पोषणाचा भार पॅरिशवर, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतील स्थानिक कारभारावर, पडणार नाही अशी हमी देईपर्यंत कोठडीत ठेवता येत असे. पैसे वाचवू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर एकट्या उभ्या असलेल्या त्या मुलीने खरेच नाव घेतले असेल, हे आपण कशावरून धरून चालायचे? गुणसूत्रावर असा दबाव आणता येत नाही. शिवाय डीएनए नसता, तर आपण या घराण्याकडे वळलाच नसता.

धागालेखिका:
शेवटचे वाक्य मान्य आहे. पण ते हमीपत्र जिल्ह्याच्या दफ्तरात सापडले आणि त्यात तिघांपैकी एकाचे नाव निघाले, तर दोन स्वतंत्र वाटा एकाच दारी येतील, आणि भावाभावांतला फरक त्या कागदानेच केलेला असेल.

दुसरा प्रतिसाद:
कागद खरा असला, तरी वाचणारा चुकतो. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. एकाच नोंदवहीत एप्रिल १७२० मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७२० मध्ये बाप्तिस्मा दिसला, की मूल लग्नाआधीचे, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रत्यक्षात तो बाप्तिस्मा लग्नानंतर दहा महिन्यांनी झालेला असतो. हाच सावधपणा डीएनएलाही लागू आहे. ज्यांचे खापरपणजोबा आणि खापरपणजी एकच आहेत, अशा सुमारे दहा टक्के जोड्यांत मोजता येण्याजोगा समान डीएनए सापडतच नाही. जुळणी नसणे म्हणजे नाते नसणे नव्हे.

पहिला प्रतिसादक:
म्हणूनच तिन्ही भावांच्या आजच्या वंशजांची सर्वसाधारण, म्हणजे केवळ वाय नव्हे तर इतर गुणसूत्रांचीही, चाचणी करावी, असे मी सुचवतो. कोणाशी नाते अधिक जवळचे, ते त्यातून दिसेल.

धागालेखिका:
सात पिढ्यांनंतर एका पूर्वजाचा वाटा सरासरी एक टक्क्याहूनही कमी उरतो. पुतण्याचा वंश आणि मुलाचा वंश यांतला फरक त्या अंतरावरून ओळखणे मला शक्य वाटत नाही. त्याऐवजी काल दफनांच्या नोंदी पुन्हा वाचल्या. थोरला १७९४ मध्येच पुरला गेला होता, म्हणजे १७९६ च्या नोंदीवेळी मूल तान्हे असेल, तर तो बाद. धाकट्याचा बाप्तिस्मा १७८५ चा आहे, म्हणून तोही बाद होईल असे वाटले होते; परंतु बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नसते, आणि कित्येक घरांत मोठ्या झालेल्या मुलांचे बाप्तिस्मे एकाच दिवशी उरकले जात. त्याच दिवशी त्याच्या एका बहिणीचीही नोंद आहे, त्यामुळे त्याचे वय मी अजून गृहीत धरलेले नाही. मधल्यावर संशय सर्वाधिक आहे. मात्र त्या शेतकऱ्याचे स्वतःचे दफन १८०३ चे आहे, आणि तेच वाय गुणसूत्र त्याचेही होते. म्हणून मुलांच्या यादीत आता बापाचेही नाव लिहावे लागले आहे.