खुडूक कोंबडी आणि तिची पिल्लं: तुमचे अनुभव सांगा

आमच्या बाथरूमच्या खिडकीबाहेर कबुतरांनी कायमचा संसार थाटलाय. परवा कबूतर पिल्लाची चोच आपल्या चोचीत घेऊन भरवत होतं, तेव्हा लेकीने विचारलं, "कोंबडी पण अशीच भरवते?" नवरा जन्माचा दादरकर, त्याने छातीठोकपणे "हो" सांगून टाकलं. मी कणकवलीची. कोंबडी घास भरवत नाही, पिल्लू पहिल्या दाण्यापासून स्वतःच टिपतं, हे मी सांगितलं. पण मग आई नेमकं करते काय, हे सांगताना लक्षात आलं की लहानपणी पाहिलेलं बरंचसं विसरलेय.

मुंबईत कोळीवाडे, गावठाणं, आरेचे पाडे अजून आहेत आणि तिथे गावठी कोंबड्याही आहेत. ज्यांनी खुडूक (अंडी उबवायच्या नादात असलेली कोंबडी) बसवली आहे किंवा नुसती पाहिली आहे, त्यांनी लिहा. (रश्शाची कृती कृपया इथे नको.)

गोराई

आमच्याकडे अजून बसवतात. जुनी टोपली, तळाला पेंढा, कोपरा अंधारा. एकवीस दिवसांचा हिशोब. या काळात कोंबडी दिवसातून जेमतेम एकदा उठते. घाईघाईने दाणे खाते, पाणी पिते, भलीमोठी उग्र वासाची शीट टाकते (रोज साठवलेली असते, विचारूच नका), मातीत लोळते आणि परत टोपलीत. त्या वेळी तिच्या पोटाखाली हात घालून बघा. पिसं झडून कातडी उघडी पडलेली असते आणि हाताला कढत लागते. ती कातडी थेट अंड्याला टेकते. अंडी दिवसभरात चोचीने किती वेळा फिरवते त्याला गणती नाही.

शेवटच्या एकदोन दिवसांत ती अंड्यांशी हळू आवाजात बोलायला लागते आणि आतून बारीक चिवचिव येते. माझी सासू टोपलीला कान लावून "आज उद्यात फुटतील" सांगते, ते याच्यावरून.

पहिलं पिल्लू बाहेर आलं की घरातली पोरं कणी घेऊन धावतात. गरज नसते. अंड्यातला पिवळा बलक फुटण्याआधीच पिल्लाच्या पोटात ओढला जातो, त्यावर दोन दिवस आरामात निघतात. त्यामुळेच तर कोंबडी मागच्या अंड्यांसाठी बसून राहू शकते. पोरांना हे पटत नाही, ती टोपलीत कणी टाकतातच.

आरे, पाड्यावरून

खाण्याबद्दल मी सांगतो. आम्ही पिल्लांसाठी वाळवी आणतो. वारूळ असलेला लाकडाचा तुकडा अंगणात आपटला की काम झालं. कोंबडी वाळवी उचलते, टाकते, परत उचलते, परत टाकते, आणि सोबत भरभर "कुक-कुक-कुक" चालू. तो आवाज आला की पिल्लं जिथे असतील तिथून पळत येतात. ती चोचीकडे बघतात, मग जमिनीवर पडलेल्या दाण्याकडे. स्वतः खायचं सोडून ती तेच दाखवत बसते.

नाकतोडा सापडला तर आधी आपटून त्याचे तुकडे करते, मग पुढ्यात टाकते. नुकतं फुटलेलं पिल्लू काहीही टोचतं, खडा, शीट, भावाचा डोळासुद्धा. काय खायचं ते आई दाखवते, टिपायचं मात्र त्याने स्वतः. चौथ्या-पाचव्या दिवशी बोटभर पिल्लू पायाने माती उकरायला लागतं. खाली काही नसतं, पण ऐट पूर्ण आईची.

लालबाग

आमच्या चाळीत कोंबडी नव्हती, पण रंगीत पिल्लं होती! फेरीवाला खोक्यात घेऊन यायचा, गुलाबी, हिरवी, निळी. मोठेपणी कळलं की ती बहुतेक अंड्यांसाठीच्या जातीतले नर असतात. अंडी देणार नाहीत म्हणून हॅचरीला नकोसे. यंत्रात जन्मलेली, आई कधी पाहिलेलीच नाही. बहुतेक दोनतीन दिवसांत मरायची.

आमच्या मजल्यावरच्या एका काकांनी बुटांच्या खोक्यावर साठचा बल्ब टांगला, तेव्हा पहिल्यांदा दोन जगली. त्यांचं गणित साधं होतं. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून ओरडत असतील तर थंडी, कडेला तोंड उघडून पडली असतील तर उकाडा, पसरून झोपली असतील तर ठीक. पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश लागतात, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. खरी आई हे सगळं नुसती बसून करते. पिल्लाला गार वाटलं की ते पंखाखाली शिरतं, उकडलं की डोकं बाहेर काढतं.

वर्सोवा कोळीवाडा

आमच्याकडे मासळी वाळत असते, म्हणजे वर घारी आणि खाली मांजरी. दोघांसाठी आमच्या कोंबडीचा आवाज वेगळा! घार दिसली की लांबट घोगरा आवाज, आणि पिल्लं जागच्या जागी दबतात नाहीतर पोटाखाली गडप. मांजर आली की कॅक-कॅक करत, पिसं फुलवून ती स्वतःच पुढे. आमचा बोका तिच्या वाटेला परत गेलेला नाही. तरीही पिल्लं लहान असेपर्यंत डालग्याखालीच (बांबूच्या मोठ्या टोपलीखाली) ठेवा. कावळ्याला फार वेळ लागत नाही.

लालबागच्या दादांना, अशी आईविना पिल्लं कोणाकडे आली आणि शेजारी नुकती पिल्लं फुटलेली कोंबडी असेल तर रात्री अंधारात हळूच तिच्या पंखाखाली सरकवा. एकदोन दिवसांची असतील तर बहुतेकदा घेते. दिवसाढवळ्या समोर सोडाल तर टोचून काढेल.

परळ

मी पशुवैद्यकीय शिकतोय, म्हणून तीनच गोष्टी. पाणी उथळ थाळीत द्या आणि त्यात खडे टाका, पिल्लं बशीभर पाण्यातही बुडतात. राणीखेत रोगाची लस पहिल्याच आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात, गावठी आहे म्हणून टाळू नका. आणि खुडूक मोडायला नाकात पीस घालणं कृपया बंद करा. तिला काही दिवस खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा, पोट गार राहिलं की उतरते. लेगहॉर्न पाळून ती खुडूक बसेल अशी वाट मात्र बघू नका. निवड करत करत त्या जातीतून तो गुणच जवळजवळ काढून टाकलाय.

मनोरी

सगळे मायेबद्दल लिहितायत, तर पुढचंही लिहिते. दीडदोन महिने झाले की हीच आई पिल्लांना टोचून हाकलते. माझा मुलगा त्या दिवशी जेवला नाही. "आई, तिने ओळखलं नाही का?" आजी भांडी घासता घासता म्हणाली, "ओळखलंय रे. तिला आता परत अंडी घालायचीत."