मदत हवी आहे: अंधाऱ्या हॉलमध्ये, मांजर असताना कोणती झाडं ठेवू?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात दुसऱ्या मजल्यावर राहते. हॉलला एकच खिडकी, तीही उत्तरेला, आणि समोर जेमतेम 15 फुटांवर दुसरी इमारत. ऊन येतच नाही. पुस्तक वाचता येईल एवढा उजेड दुपारी दोन-तीन तास असतो, बस्स. तरी हा कोपरा हिरवा व्हावा अशी फार इच्छा आहे.

पावसाळ्यात स्नेक प्लांट आणलं होतं. नर्सरीतल्या चिकट लाल मातीतच राहू दिलं आणि आठवड्यातून दोनदा पाणी घातलं. महिन्याभरात पान धरलं तर अलगद हातात आलं, बुडाशी पिवळट, लिबलिबीत आणि कुबट वासाचं. खूप वाईट वाटलं. आता माती भुसभुशीत करायला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) आणून ठेवलंय.

खरी अडचण आमच्या मांजरीची, मनीची. दिसेल ते पान चावते. मनी प्लांट, पीस लिली, झीझी यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, मांजराचं तोंड पोळतं, त्यामुळे ही बाद. स्पायडर प्लांट, अरेका पाम आणि कॅलेथिया मांजरांना विषारी नाहीत, पण अरेकाला उजेड जास्त लागतो ना?

एवढ्या उजेडात कॅलेथिया कोणी जगवलंय का? की साधा पांढरा एलईडी रोज 10-12 तास लावावा? कुंडीपासून किती उंचीवर? स्वतः करून पाहिलेलं सांगा, प्लीज.