मदत हवी आहे: वडिलांच्या रिपोर्टात 'एफजीएफआर३ पॉझिटिव्ह' आलंय

नमस्कार. आम्ही जिंतूरकडचे. बापू ६८ वर्षांचे, ४० वर्षं बिडी. लघवी लाल व्हायला लागली, पण दुखत काहीच नव्हतं. 'उन्हाळी लागली' म्हणत दीड महिना धने-जिऱ्याचं पाणी पीत बसले. न्हाणीची फरशी लाल झालेली आईनं पाहिली तेव्हा कुठं आम्हाला कळलं. संभाजीनगरला दुर्बिणीतून मूत्राशयातली गाठ खरवडून काढली.

रिपोर्ट: मूत्राशयाचा कॅन्सर, हाय ग्रेड, टी१, तुकड्यात स्नायू आलाय पण त्यात शिरकाव नाही. जनुकांच्या तपासणीत 'एफजीएफआर३ एस२४९सी'. डॉक्टर 'पुढं लागलं तर उपयोगी' एवढं बोलून दुसऱ्या पेशंटकडं वळले.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. एफजीएफआर३ च्या नावात 'ग्रोथ फॅक्टर' आहे म्हणे; ग्रोथ फॅक्टर म्हटलं की मला कपाशीचं टॉनिकच आठवतं. चुलते म्हणतात, दूध-अंडी बंद करा, गाठीला खत मिळतं. खरंय का?

मायक्रोस्कोप (उत्तर देणारे सदस्य): दादा, दूध-अंडी चालू ठेवा, बापूंना ताकद लागणार आहे. एफजीएफआर३ हा पेशीवरचा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप पकडणारं प्रथिन. बाहेरून ग्रोथ फॅक्टर येऊन चिकटला की दोन रिसेप्टर जोडीनं जवळ येतात आणि आत 'वाढ' असा निरोप जातो. एस२४९सी मध्ये २४९ व्या जागी सेरीन जाऊन सिस्टीन आलेलं असतं. त्यातल्या गंधकामुळे दोन रिसेप्टर आपसातच अडकतात, बाहेरून कुणी यायची गरजच राहत नाही. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटल्यासारखं: बटन सोडलं तरी मोटार चालूच. खाणं तोडून ती थांबत नाही.

पण नाव ऐकून घाबरू नका. हा बदल जास्त करून वरवरच्या, लो ग्रेड (सावकाश वाढणाऱ्या) गाठींत सापडतो. त्या परत परत उगवतात, पण स्नायूत कमी शिरतात. खोल शिरणाऱ्या गाठींत पी५३ हे वाढीला लगाम घालणारं जनुक बिघडलेलं जास्त दिसतं. बापूंची मात्र हाय ग्रेड (जोरात वाढणारी) टी१ (अस्तराखालच्या थरात शिरलेली, पण स्नायूत नाही) आहे, म्हणून आत्ता त्याच दोन शब्दांकडं बघायचं. एर्डाफिटिनिब ही या रिसेप्टरवरची गोळी अमेरिकेत २०१९ ला मंजूर झाली, पण ती पसरलेल्या आजारासाठी. डॉक्टर 'पुढं' म्हणाले ते यासाठीच.

तुम्ही दोनच गोष्टी विचारा: २ ते ६ आठवड्यांत पुन्हा दुर्बीण घालून खरवडणार का, आणि बीसीजी कधी सुरू. आठवड्याला एक असे ६ डोस नळीनं मूत्राशयात सोडतात, नंतर अधूनमधून.

धागाकर्ता: बीसीजी म्हणजे ती टीबीचीच लस ना?

मायक्रोस्कोप: हो, लसीतला जंतू तोच, पण डोस आणि द्यायची पद्धत वेगळी. ती शरीराची प्रतिकारशक्ती गाठीवर सोडते. आणि बिडी?

धागाकर्ता: सोडली म्हणतात. आज गोठ्यात काडेपेटी सापडली. सोमवारी तारीख घेऊन इथंच कळवतो.