शब्दचर्चा : हायबे, लुमेन, लक्स आणि आपला ‘उजेड’

जिनिंगवाला, आर्वी

नमस्कार मंडळी. गावाजवळ आमची लहानशी जिनिंग आहे. कापसातली सरकी वेगळी काढणारे १२ रेचे, शेड ६० बाय १२० फूट, छताच्या कैच्या जमिनीपासून २७ फुटांवर. वर ४०० वॅटचे जुने मेटल हॅलाइड दिवे टांगलेले आहेत. यंदा कापूस यायच्या आधी ते उतरवून एलईडी लावायचं घरात ठरलं. एका विक्रेत्याने मराठी माहितीपत्रक धाडलं, त्याची पहिलीच ओळ : ‘उच्च खाडी दिवे’. बाबांनी ती दोनदा वाचली आणि मला विचारलं, ‘‘खाडी त कोकनात राह्यते ना?’’ मला उत्तर देता आलं नाही. पुढे ‘प्रकाशमय उत्पादन १९,५०० लुमेन’, ‘बीम कोन ९०’, ‘थंड पांढरा ६५०० के’, ‘आयुष्य ५०,००० तास’. इंग्रजी पत्रक मागवलं तेव्हा खाडी म्हणजे ‘हायबे’ एवढं कळलं. पैसा मोठा आहे, म्हणून आधी शब्द समजून घ्यावेत असं वाटतं. हायबेला मराठीत काय म्हणावं? आणि लुमेन, लक्स, वॅट यांत नेमका फरक काय?

माजी मराठी शिक्षक, दर्यापूर

इंग्रजीत ‘बे’ नावाचे दोन वेगळे शब्द आहेत. एक समुद्राचा. दुसरा इमारतीचा, तो जुन्या फ्रेंचमधल्या ‘तोंड वासणे’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून आला. दोन खांबांमध्ये मोकळी सोडलेली जागा, असा त्याचा अर्थ. भाषांतर करणाऱ्याने, बहुधा यंत्राने, समुद्राचा उचलला.

इमारतीच्या ‘बे’ला आपल्याकडे शब्द आहे आणि तो आपल्या आजोबांच्या तोंडी रोज होता : खण. ‘पाच खणांचं घर’, ‘दोन खणी माजघर’. दोन तुळयांमधलं, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. कपाटाला खण असतात ते याच अर्थाने. तेव्हा हायबे म्हणजे उंच खणाचा दिवा. साधारण २० फुटांच्या वर टांगायचा तो हायबे, त्याखालचा लोबे, अशी बाजारातली ढोबळ वाटणी आहे.

वायरमन, वणी

सर, खण बरोबर हाय. पन दुकानात जाऊन ‘उंच खणाचा दिवा द्या’ म्हनलं त पोऱ्या तोंडाकडं पाह्यत राह्यते. मागतानी हायबेच म्हना, गोल चपटा पायजे असन त ‘युएफओ’ म्हना. खण समजून घ्याले ठेवा.

माजी मराठी शिक्षक, दर्यापूर

मान्य. वस्तूचं नाव बाजाराचं, समज आपली.

आता लुमेन आणि लक्स. यासाठी नवे शब्द पाडायची गरज मला वाटत नाही, कारण मराठी क्रियापदांनी हा फरक कधीच करून ठेवला आहे. आपण म्हणतो, दिवा उजेड देतो. आणि म्हणतो, वहीवर उजेड पडत नाही. दिव्याने सगळ्या दिशांना मिळून जेवढा दिला, तो लुमेनमध्ये मोजतात. त्यातला जेवढा एखाद्या जागेवर पडला, तो लक्समध्ये. १ चौरस मीटरवर १ लुमेन पडला की १ लक्स.

पावसावरून पाहा. ढगात पाणी किती होतं याच्याशी शेतकऱ्याला काय करायचं? वावरात किती पडलं ते तो विचारतो, आणि मिलिमीटरमध्ये विचारतो. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. लक्सची बांधणी हुबेहूब तीच आहे. माहितीपत्रकातले १९,५०० लुमेन म्हणजे ढगातलं पाणी झालं. रेच्याच्या तोंडाशी किती पडणार हे त्यात लिहिलेलं नाही, लिहिता येणारही नाही, कारण ते तुमच्या शेडवर अवलंबून आहे.

जाता जाता : लॅटिन ‘लुक्स’ आणि ‘लुमेन’ एकाच कुळातले, आणि आपला संस्कृत ‘रुच्’ धातूही त्याच कुळातला. रुचिर, रोचन त्यातून आले. फारसीतलं ‘रोशन’ याच घरचं, तिथून आपली रोषणाई. त्यामुळे लक्स हा शब्द मला परका वाटत नाही, दूरच्या गावी दिलेल्या लेकीसारखा वाटतो.

वायरमन, वणी

सर, एक क्रियापद राह्यलं. दिवा खाते. वॅट म्हनजे दिवा किती खाते ते. लोकं मले म्हनते, ‘‘भाऊ, दीडशेचा लाव, दोनशेचा लाव.’’ हे म्हनजे गाय घ्याले गेले अन विचारलं काय, त चारा किती खाते! दूध किती देते ते इचारा ना. किती खाऊन किती देते, त्याले लुमेन प्रति वॅट म्हनते.

जुना मर्क्युरी दिवा एका वॅटमागं ५० लुमेनच्या आसपास देत होता. आताचा चांगला हायबे १३० च्या वर देते. अन जुन्या दिव्याचा चोकही खात होता बरं का. ४०० चा मेटल हॅलाइड चोक धरून ४४० च्या जवळ जाते. त्याच्या जागी १५० चा एलईडी बसला त एका दिव्यामागं २९० वॅट वाचले. दहा तास चालला त जवळपास ३ युनिट, एकाच दिव्याचे.

जिनिंगवाला, आर्वी

भाऊ, हे ‘खाते’ डोक्यात पक्कं बसलं. पण मग लोक वॅटच का विचारतात?

माजी मराठी शिक्षक, दर्यापूर

सवयीने. तारेच्या बल्बच्या काळात सगळ्यांचं खाणं-देणं सारख्याच प्रमाणात होतं. ६० चा कमी, १०० चा जास्त, हिशेब संपला. वॅट हीच उजेडाची खूण होऊन बसली. १०० वॅटचा तो बल्ब साधारण १,३०० लुमेन द्यायचा, तेवढा आज १२-१३ वॅटचा एलईडी देतो. वस्तू बदलली, शब्द मागे राहिला.

अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, यवतमाळ

सर, ‘देणं’ आणि ‘पडणं’ बोलायला छान आहे, पण लिहिताना नाम लागतं. ‘प्रकाशप्रवाह’ आणि ‘प्रदीप्ती’ असं म्हणू या का?

माजी मराठी शिक्षक, दर्यापूर

परीक्षेत जरूर लिही बेटा. जिनिंगच्या फळ्यावर मात्र ‘दिव्याचा उजेड’ आणि ‘कामावरचा उजेड’ लिहावं. रेच्यावर कापूस टाकणाऱ्या माणसाला न विचारता कळलं पाहिजे.

जिनिंगवाला, आर्वी

काल रात्री मोबाइलवरचं लक्स मोजायचं ॲप घेऊन शेडमध्ये फिरलो. मोबाइलचा आकडा अगदी खरा नसतो हे माहीत आहे, पण एकाच फोनने दोन जागा ताडून पाहता येतात. फोन रेच्याच्या तोंडाशी आडवा धरला. दिव्याच्या बरोबर खाली ११० दाखवले. दोन पावलं, तीन पावलं सरकलो, आकडा उतरत गेला, आणि दोन दिव्यांच्या मध्ये जो सात नंबरचा रेचा आहे तिथे ३८. त्या रेच्यावरचा माणूस दोन वर्षांपासून सांगतोय, ‘‘मालक, माह्याकडं उजीड पडत नाही.’’ आम्ही वर पाहायचो, दिवा तर पेटलेला असायचा, आणि म्हणायचो, आहे की उजेड. तो ‘पडत नाही’ म्हणत होता, आम्ही ‘आहे’ म्हणत होतो. मला फार वाईट वाटलं.

वायरमन, वणी

तथी बीमचा कोन येते. दिवा उजीड कुठंपर्यंत पसरवते, ते.

माजी मराठी शिक्षक, दर्यापूर

त्याला ‘घेर’ म्हणा. परकराचा घेर, झाडाचा घेर, तसा झोताचा घेर. हिशेबही सोपा आहे. तुमचा दिवा २७ फुटांवर, काम जमिनीपासून ३ फुटांवर, म्हणजे मधलं अंतर २४ फूट. झोताचा कोन ९० अंश असेल तर खाली घेर ४८ फूट रुंद. ६० अंश असेल तर सुमारे २८ फुटांचा. १२० अंश घेतला तर ८३ फूट, म्हणजे ६० फुटी शेडमध्ये बराच उजेड भिंतींवर आणि पत्र्यावर जाईल. घेराच्या काठाला उजेड मधल्यापेक्षा बराच कमी असतो, म्हणून शेजारचे घेर एकमेकांवर चढले पाहिजेत. सात नंबरच्या रेच्याकडे नेमकं तेच होत नसावं.

उंचीचंही लक्षात ठेवा. एकटा दिवा दुप्पट उंच नेला तर बरोबर खालचा उजेड निम्मा न होता चौथाईवर येतो.

राइस मिलवाला, तुमसर

आमच्या गोदामात दिवे थप्प्यांच्या डोक्यावर होते. पोत्यांचा वरचा थर लख्ख, आणि माणसं चालतात त्या बोळात अंधार. दिवे बोळावर सरकवले, नग तेवढेच ठेवले, आणि काम झालं. दुसरं, छतात चार-पाच पारदर्शक पत्रे असतील तर ते आधी धुऊन घ्या. दिवसाचा उजेड काहीच खात नाही.

कापूस वेचणारी, देवळी

मी आणि सासूबाई दर हंगामात एका जिनिंगवर कवडी, म्हणजे डागी कापूस, निवडायला जातो. तिथं पिवळे दिवे आहेत. त्या उजेडात डाग लागलेला कापूस आणि चांगला कापूस सारखाच दिसतो. रात्री निवडलेला ढीग सकाळी उन्हात पाहिला की त्यात कवडी निघते, आणि बोलणी आम्हाला बसतात. डोळे आमचे चांगले आहेत. याला काही शब्द आहे का सर?

माजी मराठी शिक्षक, दर्यापूर

ताई, आहे. पत्रकावर ‘सीआरआय’ लिहिलेलं असतं. मी त्याला रंगाचा खरेपणा म्हणेन. उन्हाला १०० धरतात. पिवळ्या सोडियम दिव्याचा २० ते २५ च्या आसपास असतो, त्याच्या उजेडात रंग नीट ओळखूच येत नाहीत. एलईडी ८० च्या वरचा मिळतो. निवडीच्या ओट्यावर त्याहून कमीचा लावूच नये. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, दोष दिव्याचा आहे.

जिनिंगवाला, आर्वी

ताई, आमच्याकडे निवडीच्या जागी ८० च्या वरचाच लावतो, हे लिहून ठेवलं. सर, ‘थंड पांढरा ६५०० के’ म्हणजे दिवा थंड राहतो का? बाबांना वाटलं उन्हाळ्यात बरं पडेल.

माजी मराठी शिक्षक, दर्यापूर

नाही. तो फक्त रंगाचा शब्द आहे. लोखंड तापवलं की आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं दिसतं, त्यावरून केल्विनचा आकडा आला. म्हणजे आकडा मोठा तितका रंग निळसर, आणि त्यालाच ‘थंड’ म्हणतात. उलटं आहे, पण रूढ झालंय. ‘निळसर पांढरा’ आणि ‘पिवळसर पांढरा’ म्हणावं, गैरसमज होणार नाही.

वायरमन, वणी

अन एलईडी तापते बरं! मागच्या पंख्यांतून, म्हनजे धातूच्या उभ्या पात्यांतून, गर्मी बाहेर जाते. जिनिंगमधी उडता कापूस त्याच पंख्यांत बसते, दोन महिन्यांत गोधडी पांघरल्यावानी होते. मंग आतली गर्मी आतच, दिवा लवकर मरते, अन कापूस त आगीचं घर. म्हनून आयपी ६५ घ्या, ६ म्हनजे धूळ आत जात नाही, ५ म्हनजे पान्याचा फवारा सोसते. पंखे गुळगुळीत, रुंद फटीचे पाहा, अन हंगामात लाईन बंद करून साफ करत राहा.

‘आयुष्य ५०,००० तास’ हे बी समजून घ्या. बल्ब उडत होता. एलईडीची चिप उडत नाही, हळूहळू उतरते. नव्यात होता त्याच्या ७० टक्के उजीड उरला की आयुष्य संपलं असं धरते कंपनी.

माजी मराठी शिक्षक, दर्यापूर

‘विटतो’ म्हणा. कापड विटतं तसा उजेड विटतो. फार नेमका शब्द आहे, आणि त्यामुळे आणखी एक कळतं : दिवा पेटलेला असूनही संपलेला असू शकतो.

वायरमन, वणी

विटतो! हे आवडलं सर. पन विटायच्या आधी ड्रायव्हर, म्हनजे चिपला वीज पुरवनारा भाग, जाते, आपल्या लाईनीवर त हमखास. म्हनून ड्रायव्हर वेगळा काढून बदलता येईल असाच घ्या.

अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, यवतमाळ

चकाकीबद्दल कोणी बोललं नाही. ग्लेअर.

माजी मराठी शिक्षक, दर्यापूर

बरं झालं आठवण दिलीस. चकाकी वस्तूची असते. डोळ्यांना होतं त्याला मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे : डोळे दिपणे. दीप आणि दिपणे एकाच धातूचे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम १७ सगळं उजेडावर होतं. पुरेसा उजेड हवा, खिडक्या आणि छतातली काच स्वच्छ हवी, डोळे दिपू नयेत, आणि डोळ्यांना ताण पडेल किंवा अपघात होईल अशा सावल्या पडू नयेत. म्हणजे जास्त उजेड देणारा दिवा आणला एवढ्याने कायद्याचंही समाधान होत नव्हतं. गाठी वर उचलताना माणूस वर पाहतो. तिथे उघडी चिप डोळ्यात गेली तर क्षणभर त्याला काहीच दिसत नाही. झाकणाची काच दुधी घ्या. थोडा उजेड ती अडवते, अडवू द्या.

जिनिंगवाला, आर्वी

विक्रेत्याला आज हा कागद धाडला, सगळ्यांच्या शब्दांत : ‘‘शेड ६० बाय १२०, दिवा २७ फुटांवर. प्रत्येक रेच्याच्या तोंडाशी २०० लक्स पडला पाहिजे, सात नंबरलासुद्धा. दिवा किती खातो आणि किती देतो ते दोन्ही लिहा. घेर किती, दोन दिव्यांत अंतर किती, हे शेडच्या नकाशावर काढून द्या. धुळीने १० महिन्यांत कमी होणारा उजेड आधीच धरा. रंगाचा खरेपणा ८० च्या वर. डोळे दिपू नयेत.’’

त्याचा फोन आला. म्हणाला, नकाशा काढून देतो, चार दिवस लागतील.

एक शेवटचं राहिलं. पत्रकात ‘लाट संरक्षण १० केव्ही’ आहे. ही लाट कोणती?

वायरमन, वणी

सर्ज. वीज कडाडली, नाही त जवळचा मोठा लोड एकदम सुटला, की लाईनीत क्षणभर हजारो व्होल्ट चढते. लाट म्हनलं त ते हळूहळू येते अन जाते असं वाटते. हे तसं नसते. आमी म्हनतो, ‘‘लाईनीनं झटका मारला.’’ १० केव्हीवाला, म्हनजे १० हजार व्होल्टवाला, घ्या, अन अर्थिंग नवीन करा, त्याच्याबिगर तो आकडा काई कामाचा नाही.

माजी मराठी शिक्षक, दर्यापूर

झटका माणसाला बसतो तोही. ‘उसळी’ कसं वाटतं?

वायरमन, वणी

उसळी चालते सर. तालुक्याच्या दुकानात उद्या बोलून पाह्यतो, समजते का त्यायले.